साधन ब : हमालाची आठवण

"गोदामाच्या आगीत दार बाहेरून कोणी लावलं? साधनांच्या आधारे निबंध लिहा."

साधन अ, म्हणजे चौकशी अहवाल, सांगत होता की दार आपोआप बंद झालं. साधन ब होतं त्या आगीत मेलेल्या हमालाच्या मेंदूतून उतरवून घेतलेली आठवण. हर्षालीने परीक्षेच्या बाकावर ठेवलेलं हेल्मेट चढवलं आणि ती त्याच्या डोळ्यांनी पाहू लागली. धूर, आरडाओरडा, आणि फटीतून दिसलेला, कडी लावणारा हात. करंगळी वाकडी.

तिने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. सकाळी त्याच हाताने बाबांनी तिला दही-साखर दिली होती.

सगळा वर्ग "अनोळखी माणूस" लिहीत होता. तिनेही तेच लिहिलं, मग खोडून बाबांचं नाव लिहिलं.

पेपर सुटला तेव्हा बाबा शाळेच्या फाटकाशीच उभे होते. "सगळं आठवलं ना गं?"

"मला नाही, बाबा. त्या हमालाला."