दोनशे बारा स्वागतं

सिनेटर माग्वार: अध्यक्ष महोदय, या मुली लिमुरूहून आल्या आहेत. वाटेत फार धुकं लागलं म्हणतात. त्यांचं स्वागत.

बेटावरून पलीकडच्या दवाखान्यापर्यंत वल्ह्याच्या होडीने चाळीस मिनिटं. वारा उलटा असला तर दोन तास.

सिनेटर माग्वार: ही कांगुंडोची मुलं. त्यांच्या बाईंचा आज वाढदिवस आहे, असं मला जिन्यात कळलं. दोघांचंही स्वागत. म्हणजे मुलांचं आणि बाईंचं.

गुरुवारी दुपारच्या किसुमूच्या विमानात घरी निघालेले पाच-सहा सिनेटर ठरलेलेच.

सिनेटर माग्वार: वाजिरची मुलं. दोन दिवस बसमध्ये होती. त्यांना आधी पाणी द्या, मग स्वागत.

या गुरुवारी सव्वातीनला सिनेटमध्ये घंटा वाजायला लागली.

सभागृहात पंधरा जण नसले की ती वाजते, आठ मिनिटं. तेवढ्यात पंधरा भरले नाहीत तर ठराव बारगळतो. व्हिक्टोरिया सरोवरातल्या बेटांवरच्या बाळंतिणींना पलीकडच्या दवाखान्यात न्यायला इंजिनाची बोट द्या, हा झाब्लोन माग्वारचा ठराव असा दोनदा बारगळला होता. आज तिसरी वेळ. आजही बारगळला तर पुढे चार वर्षं तो आणता येणार नव्हता.

"चला बाबा, चहाला," शेजारच्या बाकावरून सिनेटर म्वेंडे किलुंडा म्हणाली. "सात डोकी आहेत. त्यातली दोन झोपलीत."

"झोपलेली धरतात."

"धरतात हो. पण सातच ना?"

"बस गं जरा. तुझी मुलं येतायत."

"माझी? माझी दोघंही बोर्डिंगात आहेत."

वर गॅलरीचं दार उघडलं. आधी मातकट लाल स्वेटर आले, दहा. मग बाटलीसारखे हिरवे, दहा. मग पिवळे. त्यांच्यामागे निळे, जांभळे, पुन्हा हिरवे, पण वेगळे हिरवे. मास्तर आणि बाया ओठांवर बोट ठेवून त्यांना बाकांवर सरकवत होत्या.

"अगंबाई!" किलुंडा अर्धी उठली. "हे आमच्या कांगुंडोचे स्वेटर!"

ज्या गावची मुलं गॅलरीत, त्या भागाच्या सिनेटरने उठून मिनिटभर त्यांचं स्वागत करायचं. टीव्हीवर दिसतं, आईबाप बघतात. सिनेटर जागेवर नसला, आणि तो बहुतेकदा नसायचा, तर माग्वार उठायचा. दोन वर्षांत दोनशे बारा वेळा. कोण किती बोललं याची यादी वर्तमानपत्रात छापून येते, तिच्यात त्याच्या नावापुढे शून्य होतं. स्वागत भाषणात धरत नाहीत.

टीव्हीवर गॅलरी दिसली आणि चौथ्या मिनिटाला बाहेर सिनेटरांचे फोन वाजू लागले.

"माझी मुलं? कुठे? आत्ता?"

"अरे, कॅमेरा चालू आहे का?"

पाचव्या मिनिटाला तिघं आत आले. त्यातल्या एकाच्या हातात अर्धा सामोसा होता. तो त्याने खिशात घातला. सहाव्याला आणखी दोघं. सातव्याला एक जण टाय खांद्यावर टाकून धावत आला.

"तुम्ही विमानात होतात ना?" किलुंडाने विचारलं.

"उतरलो! शाळेच्या मास्तरांनी तासाभरापूर्वीच फोन केला. बॅग गेली एकटीच किसुमूला."

कारकुनाने पेनाच्या टोकाने मोजलं. "तेरा."

माग्वारने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वर बघितलं. मुलं खाली बघत होती. मग दार ढकललं गेलं आणि सिनेटर चेप्कोरिर आणि तिचा गेल्या निवडणुकीपासून न बोलणारा चुलतभाऊ, दोघं एकदम आत शिरले, एकमेकांच्या पायात अडकत.

"पंधरा."

घंटा थांबली.

अध्यक्षांनी पाहुण्यांची यादी हातात घेतली. ती दोन पानी होती. "सोळा शाळा," ते म्हणाले. "एकशे साठ मुलं. एकाच गुरुवारी. सन्माननीय सिनेटर माग्वार, हा योगायोग आहे का?"

"नाही, अध्यक्ष महोदय."

सगळ्यांत आधी हसली ती मुलं. त्यांच्या बायांनी त्यांना गप्प केलं आणि मग त्याच हसल्या.

स्वागतं झाली. सामोसावाल्याने तीन मिनिटं घेतली. मग तो हळूच दाराकडे निघाला, तर वरून पिवळ्या स्वेटरातल्या एका मुलीने त्याला हात केला. त्यानेही हात केला आणि तो परत येऊन बसला.

"आता ठराव," अध्यक्ष म्हणाले. "सिनेटर माग्वार, वीस मिनिटं आहेत."

माग्वार उभा राहिला. खिशातून त्याने भाषण काढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि घडी करून परत ठेवलं.

"अध्यक्ष महोदय, आमच्या बेटांवर अजून काही मुलं यायची आहेत. त्यांचंही मला स्वागत करायचं आहे. दवाखाना पलीकडच्या काठाला आहे. बोट पाहिजे." तो खाली बसायला लागला. "झालं माझं."

"एकोणीस मिनिटं उरलीत, बाबा," किलुंडा पुटपुटली.

"तू घे ना."

तिने घेतली. ती बोलली आणि चांगली ठासून बोलली. सामोसावालाही बोलला. चेप्कोरिर आणि तिचा चुलतभाऊ पहिल्यांदाच एका बाजूने बोलले, आणि कोण कुणाला दुजोरा देतंय यावरून भांडले.

"ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हो म्हणावं."

हो आला. खालून आला त्याच्या दहापट वरून आला. बायांनी बोटं ओठांवर नेली, पण त्याही ओरडल्या होत्या. कोपऱ्यातल्या नोंद घेणाऱ्या बाईने मान वर करून अध्यक्षांकडे पाहिलं.

"गॅलरीचा आवाज नोंदवायचा नसतो," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "ठराव मंजूर."

किलुंडा पायांनी जमीन बडवत होती. विमानातून उतरलेला सिनेटर टाय हवेत फिरवत होता. माग्वार तोंड वर करून उभा होता, आणि कुठल्या रंगाच्या स्वेटरांकडे आधी बघावं ते त्याला समजत नव्हतं.

महिन्याभरापूर्वी, एका सोमवारी, त्याने सोळा मुख्याध्यापकांना फोन केले होते. एकालाही नाव सांगावं लागलं नव्हतं.