कोंबड्या आत जाईपर्यंत

दिंडोरीजवळच्या त्या द्राक्षबागेत दिवेलागणीला रंगनाथबुवा चिपळ्या घेऊन अंगणात बसत आणि शेवटची कोंबडी खुराड्यात शिरेपर्यंत अभंग गात. माणसाचा आवाज चालू असला की कोल्हा बांध ओलांडत नसे. पण तो पळूनही जायचा नाही. वेलींमधल्या निळसर धुक्यात कान टवकारून बसून राहायचा.

“तुमच्या कीर्तनाला आता हाच एक श्रोता उरला,” बुवांच्या पत्नी कुसाबाई कोंबड्यांसाठी कणी पाखडत म्हणायच्या. “मला तर बाई ऐकायला सवड नाय.”

“माणसं मधनंच उठत्यात. हा आरतीपर्यंत बसतो,” बुवा हसायचे.

एके दिवशी बुवा तापाने फणफणले, घसा पार बसला. कोंबड्या अजून अंगणभर पांगलेल्या, आणि कोल्हा बांधावरून अलगद खाली उतरू लागला. कुसाबाई धावत बाहेर आल्या. हुसकायला त्यांनी तोंड उघडलं, तर अभंगच बाहेर पडला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. बुवांच्याच चालीत, बुवांच्याच ठेक्यात. कोल्हा थबकला, तिथेच बसला. एकेक कोंबडी डुलत डुलत आत गेली.

घरातून बुवांचा घोगरा आवाज आला, “कुसा, तू ऐकत व्हतीस व्हय गं?”