लिंबाएवढा स्फटिक

त्या काळी देवासात एकाच राजघराण्याच्या दोन पाती, म्हणजे शाखा, होत्या; रस्त्याच्या अलीकडे थोरल्या पातीच्या महाराजांचं राज्य होतं आणि पलीकडे धाकट्या पातीच्या. थोरल्या पातीचे फडणीस नीलकंठराव भलतेच तापट, म्हणून वैद्यांनी त्यांना लिंबाएवढा स्फटिक दिला. तो मुठीत धरून, डोळे मिटून ते रोज ओटीवर बसू लागले आणि खरंच निवले. नोकरांशीसुद्धा हळू बोलू लागले.

एका सकाळी समोरच्या ओटीवर धाकट्या पातीचे फडणीस मोरोपंत ध्यानाला बसलेले दिसले. त्यांच्या मांडीवर नारळाएवढा स्फटिक होता.

"अहो, डोळे मिटा. तिकडे बघू नका," नीलकंठरावांची बायको दारातून म्हणाली.

"मी शांतच आहे," नीलकंठराव म्हणाले.



आणि मुठीतला स्फटिक त्यांनी नेम धरून परराज्यात भिरकावला.