मागचा पाय

धानोऱ्याच्या सोमारीनं ओळीनं सहा पोरी बाद केल्या, तेव्हापासून गडचांदूर संघाचे प्रशिक्षक अजय सर यांची नजर तिच्या पायावरून हलेना. एवढ्याशा पोरीच्या चेंडूला इतका वेग येतो कुठून? सॉफ्टबॉलमध्ये चेंडू फेकताना मागचा पाय मातीत घासत यायला हवा. मधेच उडी मारून तो पुन्हा रोवला आणि दुसऱ्यांदा जोर घेतला, की ती लबाडी. सरांना तर ती लांबूनही ओळखू यायची.

सामना अंतिम होता. दोन्ही संघांच्या पिचर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुली, यांतली एकच राज्याच्या संघात जाणार होती, आणि गडचांदूरची पिचर म्हणजे सरांचीच मुलगी, दिव्यानी. शेवटी न राहवून ते मैदानात घुसले.

"साहेब, थे पोरगी उडी मारून फेकून राह्यली! तुमाले दिसत नाई काय?"

पंचांनी वाद घातला नाही. झाडू मागवून त्यांनी पिचरच्या पट्टीपुढची माती सपाट केली. "दोघीही एकेक चेंडू फेका. मीच पाहतो."

सोमारीनं फेकला. पट्टीपासून पुढं एक सलग रेघ उमटली.

माती पुन्हा झाडली. दिव्यानीनं फेकला. रेघ नव्हतीच. पट्टीच्या दोन विती पुढं बुटाच्या टोकानं खोल खड्डा पाडला होता.

पंच खड्ड्याशी वाकले, तशी दिव्यानी रडवेली होऊन सरांकडं वळली.

"पप्पा, तुमीच त म्हणत होते न, पंच पायाकडे पाहतच नाई!"