दहापैकी दहा

आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी जो तो नुकत्याच संपवलेल्या पुस्तकाबद्दल बोलतो आणि त्याला दहापैकी गुण देतो. मी म्हातारपणी अक्षरं शिकलो, तीही बायकोकडून. ती हसून मला 'मास्तर' म्हणते. फक्त तीच. हल्ली ती खिडकीपाशी अंथरुणाला खिळली आहे. आज तिनेच मला बळेबळे पाठवलं.

शिंपीकाका म्हणाले, "खुनाची गोष्ट. पण शेवटी खिडकीपाशी पडलेली कुणी म्हातारी म्हणते, 'मास्तर, पाणी.' कुठून आली, देव जाणे! तरी आठ."

नर्सबाई दचकल्या. "अहो, माझं तर समुद्रप्रवासाचं! त्यातही ती आहे. हाका मारून मारून तिचा आवाज बसतो. नऊ."

मी धडपडत उठलो.

"आजोबा, पळता कुठे? दहा तुमच्यासाठी राखून ठेवलेत!" सगळे हसले.

माझं पुस्तक मधमाश्या पाळण्याचं होतं. शेवटचं पान वाचायचं राहिलं होतं. निदान त्यात तरी तिला कुणी पाणी दिलं असेल, म्हणून मी उभ्यानेच ते उघडलं आणि अक्षरांखाली बोट ठेवत वाचू लागलो.

"खिडकीपाशी आता हाक नाही. मास्तर अजून वाचतच आहेत."