चाळिसावी तबकडी

भाचा संध्याकाळी येणार, म्हणून दौरेन सकाळपासून रॉक संगीताच्या चाळीस तबकड्या पुन्हा थोड्या थोड्या ऐकून आवडीनुसार क्रमांक लावत होता. कझाख मामाला भाच्याने मागितलेली वस्तू नाकारता येत नाही. पहिल्या वीस पलंगाखाली गेल्या. “ही चाळिसावी. नुसता ढणढणाट!” “अरे, बाळ हिच्याच तालावर झोपतं. हीही लपव,” तान्ह्याला खांद्यावर थोपटत त्याची बायको झानेल तिसऱ्यांदा म्हणाली. “तुला रॉकमधलं काय कळतं? ही तबकडी कोण मागतंय?” भाचा आला, चहा प्यायला, मांडणीवरून बोट फिरवत थांबला. “मामा, हिचं वेष्टन सगळ्यात झिजलंय. तुमची लाडकी दिसते! हीच नेतो.” “ने बाबा, काळजावर दगड ठेवून देतो,” दौरेन बायकोला डोळा मारत म्हणाला. भाचा जाताच बाळाने टाहो फोडला. झानेलने ते नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. “लाव आता तुझी पहिली,” म्हणत तिने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.