आजपासून तात्यांच्या भूमिकेत

पडद्याच्या तळाशी पट्टी सरकली. ‘आजपासून तात्यांच्या भूमिकेत’ एवढं प्रमिलाबाईने वाचलं. पुढचं नाव वाचलं नाही. रिमोट उचलून तिने आवाज बंद केला.

“राहू दे ना,” सुकदेव म्हणाला.

सून रूपा कणकेच्या हातांनी दारात आली. साडेसात वाजले, मालिका लागली की आबा, म्हणजे सुकदेव, बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. अकरा वर्षं हेच. आज ते आत होते. टीव्हीपासून चार हातांवर, धुतलेला सदरा घालून.

“मना चष्मा कोठे शे?”

“डोक्यावर आहे, आबा. तुम्ही कधीपासून मालिका बघायला लागलात?”

“आजपासून.”

जाहिरात. भांड्यांचा साबण.

तात्या गेले होते. म्हणजे तात्या नाही, तात्यांचं काम करणारा नट. बातमी आली त्या दुपारी प्रमिलाबाईने डोक्यावरून अंघोळ केली, घरातलं कोणी गेल्यावर करतात तशी. तेव्हापासून घरात तळण नाही, फोडणी नाही. रूपा दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवसापासून पोरांसाठी वेगळी भाजी टाकायला लागली. आधी करून ठेवलेले भाग वाहिनी दाखवत राहिली. गेलेला माणूस रोज साडेसातला यायचा, घरातल्यांची भांडणं मिटवायचा, आणि प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून बघायची. ते भाग शनिवारी संपले. आज सोमवार.

“आई, आता तरी फोडणी देऊ का? आले ना तुमचे तात्या परत.”

“हा तात्या नाही.”

“तात्याच आहे. बघा, शाल पण तीच.”

“म्हणूनच म्हणते.”

मालिका.

नवा माणूस जिना उतरून आला. तात्यांच्या खुर्चीजवळ थांबला. जरासा अडखळला. मग बसला. तात्यांची बायको चहा घेऊन आली आणि शनिवारी हसली होती तशीच हसली.

“हिला तरी काही वाटतं का!” प्रमिलाबाई म्हणाली.

“तिने तरी काय करावं?” रूपा हसत म्हणाली. “समोर आणून बसवला, म्हटला आपला.”

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. सासऱ्यांकडे न बघता ती कणकेकडे गेली.

जाहिरात. सिमेंट.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी धुळ्याबाहेर, आग्रा रोडवर, अमृतची मोटारसायकल ट्रकखाली आली. अमृत म्हणजे प्रमिलाबाईचा नवरा. ती बावीस वर्षांची, कडेवर आठ महिन्यांचं पोर. दहाव्याला सगळं गाव तिला धरून रडलं. अमृतच्या धाकट्या भावाला, सुकदेवला, मोठ्या माणसांनी गोठ्यामागे नेलं आणि ठरलं ते सांगितलं. दीर आहे, हाताशी आलेला आहे, सून आणि पोर घरातच राहतील. तो एकोणीस वर्षांचा होता. त्याने मान हलवली.

महिन्याने दिराशीच तिचा पाट लागला. वाजंत्री नाही, मांडव नाही. पाच माणसं आणि गुळाचा खडा. सुकदेवच्या अंगावर अमृतचा लग्नातला कोट होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

भावजय होती तेव्हा ती त्याला सुकदेव म्हणायची. पाटानंतर काहीच म्हणाली नाही. नाव नाही, अहो नाही. पुढे आणखी दोन मुलं झाली, शेत झालं, धुळ्यात देवपुरात हे घर झालं. तरी नाही. अमृतचा फोटो देव्हाऱ्याशेजारी आहे. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, त्याच्या नावाची घागर ती पूजते. कुंभाराकडून घागर सुकदेव आणतो, ठोकून बघून.

मालिका.

नवा माणूस बोलत होता. ओठ हलत होते, हात हलत होते, घर नुसतं पंख्याचं ऐकत होतं. सुकदेवला त्याचा आवाज ऐकायचा होता. आणि प्रमिलाबाईनेही तो ऐकावा, असं त्याला वाटत होतं. त्याचसाठी तो आज ओटा सोडून आत बसला होता.

दोघंच उरली की ती अहिराणीत बोलत.

“चांगलं करस तो,” सुकदेव म्हणाला. “आवाज लाव.”

“नको.”

“थोडासा लाव.”

“नको म्हणस ना.”

पडद्यावर एक पोरगा वाकून नव्या माणसाच्या पाया पडला. नव्या माणसाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा लगेच काढून घेतला.

“त्याले कोणी इचारं व्हई का?” सुकदेव म्हणाला. “बसाडी दिधं व्हई.”

प्रमिलाबाईने मान वळवली. तिचे डोळे सुजलेले होते. रडून, आणि आता रडायचाही कंटाळा येऊन. रिमोट तिने उशीखाली सारला.

“त्याले काय! त्याले खुर्ची भेटनी,” ती म्हणाली. “जिवाभावना माणूस जास तवय काय व्हस, ते तुमले काय माहीत? तुमनं कोण गयं व्हतं?”

जाहिरात लागायला अजून वेळ होता.

“मना भाऊ,” सुकदेव म्हणाला.